भुयाराच्या जागी दार

पडद्यावरचा पाणबुड्या भिंतीपाशी पोहोचला. तिच्या अंगठ्याने आपणहून खाली वाकायची कळ दाबली, आणि पाणबुड्या वाकला तो वाकूनच राहिला, कारण पुढे भुयार नव्हतं. भुयाराच्या जागी दार होतं. लोखंडी, गंजलेलं, मन लावून रंगवलेलं दार. आपल्याच घरच्या जिन्यावर पाऊल टाकावं आणि पायरी असायला हवी तिथे सपाट फरशी लागावी, तसं तिला झालं. तिने कडीला हात लावला. दार अर्धं उघडलं आणि चित्र थिजलं. बुडबुडे जिथल्या तिथे, शेवाळाची पानं जिथल्या तिथे. फक्त आवाज चालू राहिला. श्वास आत, श्वास बाहेर, पोकळ, पत्र्यातून आल्यासारखा. तो श्वास तिचा होता.

शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाने, खोडरबरने, मान वळवली. "अडकलं का?"

"अडकलं."

"मग हसतेयस काय?"

आपण हसतोय हे तिला तेव्हा कळलं.

ती खोली तपासणीची होती. कंपनी हातात मावणारं, पोरं अंथरुणातही सोडत नाहीत असं लहान खेळयंत्र बनवायची, आणि कुणाचाही खेळ त्या यंत्रावर यायचा तर आधी या खोलीतून पास व्हावा लागे. बाजारात याहून दांडगं, टीव्हीखाली बैठक मारून बसणारं दुसरं यंत्र होतं, दुसऱ्या कंपनीचं. खोलीतले लोक त्याला थोरलं म्हणायचे आणि आपल्याला धाकटं. खिडक्यांना काळे पडदे, यंत्रांच्या पडद्यांवर उजेड पडू नये म्हणून. नियम सगळ्यांना पाठ. चित्र अमुक वेळेपेक्षा जास्त थिजता कामा नये, खेळणाऱ्याला आपलं यंत्र मेलं असं क्षणभरही वाटता कामा नये. खोडरबर हे नाव त्या तपासनिसाला चिकटलं होतं, कारण चूक सापडली की तो आधी खेळ करणाऱ्यांची बाजू घ्यायचा आणि ती पुसता येते का ते बघायचा. तिला खोलीत टोपणनाव नव्हतं. घरात होतं: बारकी. ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, तसंच या खेळाशी तिचं नातं काय तेही. सकाळी कामं वाटताना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य तपासनिसांनी, रोजच्यासारखं विचारलं होतं, "याच्याशी कुणाचं नातं, जुनं काम, जुनं भांडण?" खोडरबरने जांभई दिली होती. बारकी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत बसली होती. "नाही ना? मग घ्या कुणीतरी." तिने हात वर केला होता. तो इतका हलका झाला होता, जणू बरीच वर्षं तो वर करायचा राहूनच गेला होता.

खेळाचा पहिला भाग करताना श्वास तिने पत्र्याच्या बादलीत तोंड घालून दिला होता. दादाने माइक बादलीच्या काठाला धरला होता आणि हसू फुटू नये म्हणून खालचा ओठ चावून ठेवला होता. "खोल घे. बुडतेयस तू, जिना चढत नाहीयेस." किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या त्या. खाली दिवसभर किल्ल्या घासल्याची किरकिर चालायची, त्यामुळे किल्लीवाला जेवायला बसला की वर श्वास सुरू व्हायचा. तो ढेकर देऊन मशीन चालू करेपर्यंत जेवढा मिळाला तेवढा त्या दिवसाचा. दादा बुडालेलं शहर काढायचा, एकेक कौल, एकेक गंजलेली खिडकी. ती द्रवांचं गणित शिकून आली होती, पाणी तिचं होतं. पाण्याला वजन कसं द्यायचं, पायाखालचा गाळ किती उशिराने बसतो, हे तिने महिनोन्‌महिने उकरून काढलं होतं. सगळं जमलं, आणि मग कळलं की धाकट्या यंत्राच्या मेमरीत एका वेळी एकच वस्ती मावते. दोन वस्त्यांच्या सीमेवर ते धापा टाकून उभं राहायचं. दादा म्हणाला, मग धाकटं सोडून देऊ. तिला राग आला होता. रागाच्या भरात ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी भुयार घेऊन आली. एका वस्तीतून दुसरीत जायचं तर पाणबुड्याने गटाराच्या नळातून रांगत जायचं. दिसायला काही नाही, नुसता काळोख आणि श्वास. तेवढ्यात यंत्र मागची वस्ती विसरतं आणि पुढची शिकतं. इतकंच होतं ते. पण लोकांनी लिहिलं की या खेळात सगळ्यांत खरं काय असेल तर ती भुयारं. तिथे कुणाला भीती वाटली, कुणाला आपल्या मेलेल्या माणसांची आठवण झाली. दादा मुलाखतींत सांगायचा, "आम्हाला एकटेपण दाखवायचं होतं," आणि शेजारी बसलेली ती टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची. एकटेपण कसलं, मेमरी. तो त्या दोघांतला विनोद होता. पुढे पुढे विनोद झिजला आणि तिलाही वाटायला लागलं की आपल्याला एकटेपणच दाखवायचं होतं.

मग थोरल्या यंत्राची कंपनी आली. ती तेव्हा सगळीकडेच जात होती. आज या शहरातला खेळ करणारा गट विकत घेतला, उद्या त्या, परवा एकदम पाच-सहा मिळून. बातम्यांत लिहून यायचं की त्यांना खेळ हवेत. बारकीला ते कधीच पटलं नाही. यंत्रासाठी यंत्र कुणी घेत नाही. ज्या खेळावर जीव जडला तो जिथे चालतो ते यंत्र घेतात. म्हणजे जीव जडलेले खेळ एकेक करून आपल्या अंगणात ओढून घेतले की दुसऱ्याच्या अंगणात फक्त यंत्र उरतं. विहीर विकत घ्यायची ती पाणी प्यायला नव्हे, शेजाऱ्याने तिच्यात दोर सोडू नये म्हणून. हे तिने दादाला सांगितलं तेव्हा तो चहाच्या पेल्यावरची साय बोटाने बाजूला करत होता. "आपण देऊन टाकतोय," तो म्हणाला. "आपण?" तिने विचारलं. तो म्हणाला, कागदावर माझं नाव आहे, नोंदणी झाली तेव्हा तू लहान होतीस. पुढे चकचकीत बुटांचा एक माणूस आला आणि मृदू आवाजात म्हणाला, धाकट्यासाठीचं नवं काम आपण सध्या बाजूला ठेवू. सध्या. त्या शब्दावर तिने किती दिवस काढले. दुसऱ्या भागाची धाकट्यावरची आवृत्ती जवळजवळ तयार होती, नवं पाणी होतं तिच्यात, जुन्याहून जड. एके सकाळी ती जिना चढून गेली आणि तिची किल्ली कुलपात फिरेना. खाली किल्लीवाला मान वर करायला तयार नव्हता. "ताई, मला वाटलं तुम्हीच सांगितलंय बदलायला," तो म्हणाला. तिची पहिली किल्ली त्यानेच घासून दिली होती.

सूड हा शब्द तिने मनात कधी येऊ दिला नाही. ती त्याला समतोल म्हणायची. एका बाजूने दाब पडला की दुसऱ्या बाजूने तेवढाच पडेपर्यंत द्रव स्वस्थ बसत नाही, यात वाईट काय आहे. दादाशी बोलणं थांबलं. सणसमारंभाला, आईच्या आजारपणाला एकमेकांना वाढणं, औषधांच्या वेळा सांगणं, एवढंच. तपासणीच्या खोलीतली नोकरी तिने हिशेबानेच घेतली होती. कोणी कितीही मोठा होऊ दे, धाकट्यावर यायचं तर त्याला याच दारातून वाकून यावं लागेल. ती वाट बघत राहिली. आणि सरकारनेच ती वेळ आणली. मोठ्या कंपन्यांवर नजर ठेवणारं जे मंडळ असतं ते एवढी सगळी खरेदी बघून उशिरा का होईना जागं झालं आणि त्यांनी अट घातली: जे खेळ आधी दोन्ही यंत्रांवर होते ते, त्यांच्या पुढच्या भागांसकट, दहा वर्षं दोन्ही यंत्रांवर आले पाहिजेत. म्हणून दुसरा भाग आला. थोरल्यावर तो थाटात आधीच आला होता. थोरल्याच्या मेमरीला भुयाराची गरज नव्हती, तेव्हा कुणीतरी भुयारं बुजवून दारं बसवली होती. धाकट्यासाठी निराळं काही करण्याची तसदी न घेता तेच दार इकडे पाठवलं होतं.

पहिल्या फेरीचा अहवाल तिने असा लिहिला, जसं एखादी बाई खूप दिवसांनी भांडी घासायला बसते. प्रत्येक खोबण, प्रत्येक कड. दार कुठे थिजतं, किती वेळ थिजतं, कोणत्या वस्तीच्या सीमेवर जास्त, कोणत्या सीमेवर कमी. खाली शेरा: नापास. घरी जाताना तिला भूक लागली होती. चालताना ती रस्त्याच्या कडेच्या काचांमध्ये स्वतःकडे बघत होती. नापास हा शब्द ती मनात घोळवत होती, जिभेवर गोळी फिरवावी तसा. दादा तो कुठे बसून वाचत असेल? काचेच्या केबिनमध्ये, चकचकीत बुटांसमोर? त्याचे कान लाल होतात तसे झाले असतील का? लहानपणी शाळेतून त्याची तक्रार घरी आली की ते आधी लाल व्हायचे आणि मग तो खोटं बोलायचा.

दुसऱ्या फेरीला खेळ परत आला. तिने पहिल्या वस्तीच्या शेवटापर्यंत चालवला, दार उघडलं, चित्र थिजलं. श्वास चालू. तिने दुसरं दार बघितलं, तिसरं बघितलं. मग ती खुर्चीत मागे टेकली. काहीतरी कमी होतं आणि काय ते तिला पटकन सापडेना. मग सापडलं: फरक. ज्या ठिकाणी आधी जेवढं थिजत होतं, त्या ठिकाणी तेवढंच थिजत होतं. कुणी दुरुस्तीचा प्रयत्न केला असता, अगदी गाढवासारखा केला असता, तरी एखादं दार बरं झालं असतं, एखादं आणखी बिघडलं असतं. अंगाला टोचलं आणि अंग हललंच नाही, तर दोनच शक्यता उरतात. अंग मेलेलं आहे, नाहीतर त्याला टोचूनच हवं आहे. तिने नापास लिहिलं. या वेळी शब्द जिभेवर फिरला नाही, टाळूला चिकटला. खोडरबर पेला घेऊन मागे उभा होता. तो म्हणाला, "इतकी खुन्नस कशाला काढतेस त्यांच्यावर? तुझ्या बापाचं काय खाल्लंय त्यांनी?" "बापाचं नाही," ती म्हणाली. तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

आईचा फोन रविवारी सकाळी यायचा. आई आधी गुडघ्यांचं सांगायची, मग शेजारच्यांचं, मग हळूच दादाकडे वळायची, जशी माणसं दुखऱ्या दातावर जीभ नेतात. "त्याला जरा बरे दिवस येतील म्हणतो," आई म्हणाली. "परवा आला होता. फार खूश होता गं. म्हणे बारकीनेच नापास केलंय माझ्या खेळाला."

बारकीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खूश होता?"

"हो ना. मी म्हटलं, अरे बहिणीने नापास केलं आणि तू पेढे वाटल्यासारखं काय करतोस. तर म्हणतो, आई, ती तिसऱ्यांदाही करील बघ, तिला मी ओळखत नाही का. तुमचं काय चाललंय ते मला मेलीला काही कळत नाही. पण बोलता झालात का तुम्ही?"

"होऊ," ती म्हणाली. "आजच होऊ."

दादाच्या दारावरची घंटा वाजवताना तिच्या लक्षात आलं की या घराचा पत्ता आपल्याला पाठ आहे आणि आपण इथे एकदाही आलेलो नाही. वहिनी कामावर गेली होती. दादा ओट्यापाशी किटलीच्या आतली चुन्याचा पापुद्रा चमच्याने खरवडत होता. केस कपाळावरून बरेच मागे गेले होते. त्याने तिला बघितलं, आणि कान लाल झाले नाहीत.

"आईने सांगितलं वाटतं."

"तूच सांगितलंस. आईच्या तोंडून."

"तसं नाही गं. बस तरी. अहवालावर नाव नसतं, पण तुझी वाक्यं मला कळणार नाहीत? 'दार का आहे हे दारालाच माहीत नाही.' तपासणीच्या कागदात असं कोण लिहितं?"

"तीच दारं पुन्हा पाठवलीस तू. स्क्रूसुद्धा हलवला नाहीस."

"नाही हलवला." तो खरवडत राहिला. "तिसऱ्यांदा नापास झालं की मंडळाची अट या खेळापुरती गळून पडते. वाजवी प्रयत्न करूनही पलीकडचे पास करत नसतील तर आमची सुटका. ते कलम आमच्याच वकिलांनी घालून घेतलंय."

"आणि वाजवी प्रयत्न म्हणजे एकच दार तीनदा."

"मला सांगतील तेवढं मी करतो, बारके."

किटलीतून पांढरी भुकटी ओट्यावर पडत होती. तिने ती बोटाने एका जागी गोळा केली. "मी नापास करीन हे त्यांना कुणी सांगितलं?"

"विचारलं होतं त्यांनी. पलीकडे कुणी मऊ माणूस बसला असला, चूक चालवून घेऊन सूट देऊन टाकली त्याने, तर काय करायचं. मी म्हटलं, तिथे जी बसलीय ती सूट देणाऱ्यांतली नाही. मी तिला जन्मापासून ओळखतो. दगड आहे ती." हे सांगताना त्याच्या आवाजात एक प्रकारचा अभिमान होता, आणि तोच तिच्या वर्मी लागला. "रागावू नकोस. मला नवीन काहीतरी करायचंय. हे एकदा निस्तरलं की नवा खेळ देणार आहेत मला, पहिल्यापासून माझा. नाहीतर दहा वर्षं याच बुडालेल्या गल्ल्यांतून फिरायचं, धाकट्यासाठी ठिगळं लावत. माझी चाळिशी त्यातच जाईल."

"आणि ज्यांच्याकडे धाकटंच आहे ते?"

"ते घेतील थोरलं. सगळेच घेतात शेवटी. रडतात आणि घेतात." त्याने किटली धुवायला धरली. "बघ ना, तुला नापास करायचंय, मला नापास व्हायचंय. जन्मात पहिल्यांदा आपलं एकमत झालंय. चहा टाकू?"

ती चहा न घेता निघाली. रस्ता उन्हात पांढरा पडला होता. फुटपाथवर कुणीतरी जुना पलंग काढून ठेवला होता, आणि ती त्याला वळसा घालून पुढे गेली, मग परत आली आणि त्याच्या कडेवर बसली. आपण वाट बघत होतो. रोज जेवताना, दात घासताना, अनोळखी खेळांच्या बारीक चुका काढताना आपण त्या एका नापाससाठी धार लावत होतो. आणि पलीकडे कुणीतरी कागदावर आडवी रेघ मारून आपली ती धार आधीच मांडून ठेवली होती. गणितात घर्षण गृहीत धरतात तशी. ते आपल्याशी लढत नव्हते, आपला उपयोग करत होते. तिचं काम नेलं, कुलूप बदललं, श्वास नेला, ते एकवेळ सोसता आलं. पण राग तिचा स्वतःचा होता. तो तरी कुणाच्या मालकीचा नाही असं तिला वाटत आलं होतं. तोही खरेदीत गेला होता. समोरच्या घराच्या पायरीवर दोन शाळकरी मुली एकाच धाकट्यावर डोकी टेकवून बसल्या होत्या. एक कळा दाबत होती, दुसरी श्वास रोखून बघत होती. त्यांच्याकडे बघून तिला माया वाटायला हवी होती. तिला वाटलं ते इतकंच, की दादा म्हणतो त्याप्रमाणे या रडतील आणि थोरलं घेतील, आणि तेव्हा तो बरोबर ठरेल. तो बरोबर ठरता कामा नये. एवढं कळल्यावर तिचं डोकं एकदम थंड झालं, आणि पूर्वी गणित सुटायच्या आधी व्हायचं तसं तिला नखांपर्यंत स्वच्छ वाटलं. दाबाची दिशा चुकली होती, एवढंच. दादाला खाली ढकलायचं नव्हतं. खाली जायला तर तो टपूनच बसला होता.

तिसरी फेरी आली. तीच दारं. तिने एकदाच चालवून बघितलं, थिजलेलं चित्र किती वेळाने आपोआप सुटतं तेवढं पाहिलं, आणि यंत्र ठेवून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई चष्मा कपाळावर चढवून दुसराच चष्मा शोधत होत्या.

"बाई, या खेळाला सूट द्या."

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "सूट? तू मागतेयस? खोडरबर आजारी आहे का?"

"चित्र थिजतं, पण मरत नाही. सुटतं. खेळणाऱ्याचं आधीचं काही पुसलं जात नाही. दुरुस्त करून देण्याच्या अटीवर अशी सूट देता येते."

"देता येते. तू आजवर कधी दिली नाहीस. पहिल्या दोन फेऱ्यांना हेच थिजणं होतं ना? तेव्हा नापास, आता सूट. का?"

जिन्यावर तयार केलेलं उत्तर तिने सोडून दिलं. "तो खेळ करणारा माझा भाऊ आहे. खेळ निम्मा माझा आहे. होता. त्यांना नापास व्हायचंय, बाई. तिसऱ्यांदा झाला की ते अटीतून सुटतात आणि आपल्याकडे हा खेळ कधीच येत नाही. पास झाला तर दहा वर्षं त्यांना तो इथे पोसावा लागेल."

बाहेर कुणाच्या तरी खेळातला लहानसा विजयाचा सूर वाजला आणि बंद झाला. "मला एक सांग," त्या म्हणाल्या, "तुला भावावर सूड उगवायचाय की खेळ पास करायचाय?"

"या वेळी दोन्ही एकच आहे."

"बरं झालं. कळवळा आला म्हणून सूट मागणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते. कळवळा दुसऱ्या दिवशी ओसरतो आणि मग निस्तरायला मी. सूड टिकाऊ असतो." त्यांनी कागद पुढे ओढला नाही. "पण नातं विचारलं तेव्हा तू गप्प बसलीस. तिन्ही वेळा. तुझे तिन्ही शेरे बाद. खोडरबर पहिल्यापासून बघेल, त्याला पटलं तर सही मी करीन. आणि तू या खोलीत राहणार नाहीस. पुढे वरच्यांचं काय म्हणणं पडेल ते पडो, ही खोली तुझी संपली. एवढं समजून मागतेयस ना?"

खोलीचा वास तिच्या नाकाशी आला: तापलेली यंत्रं, पडद्यांची धूळ, कुणाच्या तरी डब्याचं झाकण. या खोलीत तिला फक्त वाट बघायची होती, असं ती स्वतःला सांगत आली होती. ते खरं नव्हतं. इथे ती चांगली होती, आणि दुसरीकडे कुठे इतकी चांगली असेल याची खात्री नव्हती. "समजून मागतेय," ती म्हणाली.

दुपारभर ती बाहेरच्या बाकावर बसली. खोडरबर मधे एकदा पाणी प्यायला आला आणि तिच्याकडे न बघता आत गेला. ऊन कलल्यावर तो पुन्हा आला, तिच्या शेजारी बसला आणि डोळे चोळले. "अडकतं, पण सुटतं. मी पहिल्याच दिवशी पुसून टाकलं असतं, माहितीय तुला." मग म्हणाला, "भाऊ होता तर सांगायचं नाहीस? मी तुझ्या बापापर्यंत गेलो." तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. बाईंची सही झाली होती.

पेला, दोन पेन्सिली आणि खुर्चीवरची उशी पिशवीत घालून ती कंपनीच्या फाटकाबाहेर आली तोवर फोन वाजायला लागला होता. तिने तो वाजू दिला. बंद झाला. पुन्हा वाजला. तिने उचलला.

"हे काय केलंस?" दादा म्हणाला. त्याच्या मागे माणसं मोठ्याने बोलत होती, मग दार लागल्याचा आवाज आला आणि ती दबली.

"पास केलं. अभिनंदन, दादा."

"तू माझ्यावर सूड उगवलास."

"दगड ना मी."

"दहा वर्षं, बारके." आवाजात राग नव्हता. तो मोजत असावा, तेव्हा आपण कितीचे होऊ. "आमचे वरचे आत्ताच हे काम माझ्या टेबलावर टाकून गेले. तुझ्या बहिणीला तू ओळखतोस म्हणालास ना, आता तूच बघ म्हणाले. नवा खेळ दुसऱ्याला दिला. आणि इथे धाकट्याची मेमरी कुणाला वाचता येते? पाणी अडवायचं कसं, वस्ती उतरवायची कशी, एक जण सांगेल तर शपथ. तुझं जुनं काम आम्ही..." तो थांबला. "ते काढून टाकलं होतं."

तो पुढे काय विचारणार ते तिला ठाऊक होतं आणि त्याने ते विचारावं म्हणून ती इतकी स्तब्ध उभी होती की एका माणसाने तिला बाजूने जायला जागा मागितली.

"तू येशील का?" दादा म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी. घेतील तुला. शिकव निदान. तू सांगितलंस तर महिन्याभरात होईल, नाहीतर आम्हाला चाचपडत दोन वर्षं लागतील."

"नाही," ती म्हणाली.

तो एक शब्द बोलायला तिला इतकी वर्षं लागली होती. नापास हा त्याच्या जागी चुकून धरलेला शब्द होता. हा होता तो. तो तोंडातून गेला, आणि अंगभर काहीतरी सैल होत खाली उतरलं. ते उतरत असतानाच तिच्या त्या थंड, शिकलेल्या डोक्याने पुढची ओळ मांडली, कुणी विचारलं नसताना: महिना आणि दोन वर्षं यांच्या मधला सगळा वेळ लोक दारापाशी उभे राहणार. दादा नव्हे, चकचकीत बुटांचा माणूस नव्हे. ज्यांच्या हातात धाकटं आहे ते. आपलं यंत्र मेलं की काय म्हणून ते त्याला हलवतील, गुडघ्यावर आपटतील, आईला हाक मारतील. ही ओळ खरी होती. तिने ती पुन्हा तपासली. चूक नव्हती.

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला.

"नाही म्हटलं ना," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून, तो ठेवतो की आणखी एकदा विचारतो, हे ऐकत चालत राहिली.